गळ पाण्यात असताना

रविवार, ता. १२ मार्च १९४४. वळवण.

एकतीस वर्षं पोरांना ‘गप्प बसा’ सांगण्यात गेली. जानेवारीत निवृत्त झालो आणि अखेर मनासारखा वर्ग मिळाला, तो म्हणजे वळवणचा तलाव. पाणी गप्प, काठावरचं जांभळीचं झाड गप्प, मासे तर जन्माचे मुके. एकच विद्यार्थी हजेरीला येत नाही. तो मोठा कटला.

पंधरा-सोळा वर्षांमागं कुणा साहेबानं कटल्याची पिल्लं बंगालहून मडक्यांतून आगगाडीनं आणवली आणि इथं सोडली, असं जुने लोक सांगतात. त्यातला एक अजून आहे. मी त्याला दोनदा वर आलेला पाहिला. डोकं म्हशीच्या रेडकासारखं आणि एकेक खवला रुपयाएवढा. त्याला पकडायचं हे मी यंदाचं काम ठरवलं आहे. म्हणून ही वही.

नियम एकच. गळ पाण्यात असताना बोलायचं नाही. माझा मुलगा सोपान लहानपणी विचारायचा, “आबा, माशाला कान कुठं असतात?” त्यालाही गप्प बसवलं होतं.

शिमग्याला आलेला सोपान आज दुपारच्या गाडीनं मुंबईला परत गेला. गोदीत मालाची मोजदाद करायचं काम आहे. तीन वर्षांपूर्वी तिथंच असलेला माझा जुना विद्यार्थी महिपती याला चार पत्रं लिहून ते मीच मिळवून दिलं. शर्टाला गोदीचा पितळी बिल्ला लावूनच घरी आला होता, नंबर ४१७. सोपानची आई म्हणाली, “हितं तरी काढ की रं ते.” तर हसला. माझ्यासाठी चोरबाजारातून दोरा गुंडाळायचं पितळी चाक आणि सहा विलायती गळ घेऊन आला. पोराला माझी आवड ठाऊक आहे.

सकाळी दहाच्या सुमारास तो काठावर येऊन माझ्या शेजारी बसला. तीनदा खाकरला. काहीतरी बोलायचं होतं. नेमकं तेव्हाच मोरपीस हलत होतं (मी बुचाऐवजी मोरपिसाचा देठ लावतो, त्याला माशाचा श्वाससुद्धा कळतो). मी ओठावर बोट ठेवलं. दीड तास बसला बिचारा. मग उठून पाया पडला. उजव्या हातात काठी होती, म्हणून डाव्या हातानंच आशीर्वाद दिला. महत्त्वाचं असेल तर पत्रात लिहील. गप्प बसण्यात त्याला आज दहापैकी दहा गुण.

घरी आलो तर सोपानच्या आईनं विचारलं, “बोलला का तो काय?”

म्हटलं, “काय बोलणार? गळ पाण्यात होता.”

ती सुपातली बाजरी निवडत बसली.

रविवार, ता. २ एप्रिल

कटल्याचं काम उतावळ्याचं नाही. मरळ बेडकावर झडप घालते, वाम किडा बघून वेडी होते, त्यांना मूर्खसुद्धा पकडतो. कटला आमिष गिळत नाही. आधी लांबून फिरतो, मग तोंडानं चोखून बघतो आणि संशय आला तर टाकून जातो. म्हणून आधी त्याचा विश्वास मिळवायचा. रोज त्याच जागी, त्याच वेळी चारा टाकायचा. भुईमुगाची पेंड, भाजलेला कोंडा, चिमूटभर ओवा, एवढंसं हिंग. त्या चाऱ्यात गळ नसतो. मासा पोटभर खाऊन जातो आणि आपण बघत बसतो. असे एकवीस दिवस झाल्यावर मग एका गोळ्यात गळ. विश्वास बसला की फसवायचं, असा हा धंदा आहे. लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

रेशनचे दिवस. गव्हाची कणीक माशाला घालायची तर लाज वाटते. पण पेंडीचा गोळा कणकेशिवाय गळावर टिकत नाही. सोपानची आई रोज मूठभर कणीक बाजूला ठेवते. विचारलं तर म्हणते, “एक चपाती कमी खाल्ली म्हनून काय मरत न्हाई मी.”

सोपानचं कार्ड आलं. चारच ओळी. “प्रकृती ठीक. काम फार आहे, लढाईचा माल येतो. मोठा मासा लागला का? लागला की कळवा. मग बोलू.”

रविवार, ता. ९ एप्रिल

शेजारच्या अंबूबाईकडं सुतक आहे. तिचा भाऊ ब्रह्मदेशात पलटणीत होता, जानेवारीतच गेला. कागद परवा आला. भटजींनी कानावर पडल्या दिवसापासून सुतक धरायला सांगितलं. म्हणजे तीन महिने तो मेलेला होता आणि ही त्याच्यासाठी पापड लाटून डब्यात भरत होती.

संध्याकाळी सरदार काठावर आला. आम्ही दोघं बिगारीपासून एका वर्गातले. मी मास्तर झालो, तो लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये फिटर. पाच वाजता सुटी झाली की इथं येऊन बसतो आणि मगरिबच्या नमाजापर्यंत थांबतो. गळ अजून पाण्यात घातला नव्हता, म्हणून बोललो. म्हटलं, “काय शास्त्र आहे बघ. ऐकलं नाही तोवर माणूस मेलेला नाही.”

सरदार म्हणाला, “शास्त्र न्हाई मास्तर, दया हाय ती. तीन म्हैनं जास्त जगला न्हाई का त्यो, तिच्यापुरता?”

फिटर असून कधीकधी बरं बोलतो.

शुक्रवार, ता. १४ एप्रिल

चाऱ्याचा एकविसावा दिवस. तो आला होता. गोळे पडताच पाणी आतून फिरलं आणि पाठ दिसली, काळी, ओली, माझ्या हाताएवढी रुंद. छाती अशी धडधडली, की व्हर्नाक्युलर फायनलच्या निकालाला धडधडली नव्हती. उद्यापासून गळ. लागला की सोपानला पत्र.

शनिवार, ता. १५ एप्रिल

काल चारच्या सुमाराला मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याचं जहाज उडालं. आज सकाळच्या गाडीनं आलेले लोक सांगत होते. स्टेशनावर हीऽ गर्दी. कोणी म्हणतं दोनशे माणसं, कोणी म्हणतं दोन हजार. एकजण म्हणाला, आगीचे लोळ बघून लोकांना जपान्यांनी बॉम्ब टाकले असं वाटलं. लोकांना तिखटमीठ लावायची सवय असते. गोदी काही एवढीशी नाही. सोपान कुठल्या बाजूला असतो, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

सोपानच्या आईला सांगितलं. ती देवापुढं दिवा लावून बसली. मी तीनदा स्टेशनावर जाऊन आलो.

रविवार, ता. १६ एप्रिल

तार नाही, पत्र नाही. मी स्वतः मुंबईला जायला निघालो होतो, पण दम्यामुळं स्टेशनाचा जिना चढतानाच बसलो. सरदार धावत आला. म्हणाला, “तुमी घरी थांबा. माझ्याकडं पास हाय, मी जातो. दवाखानं बघतो, गोदी बघतो, त्याची खोली बघतो. सोपान्या माझ्या पन मांडीवर खेळलाय.”

पाचच्या गाडीनं गेला. घरून भाकरी बांधून घ्यायलाही थांबला नाही.

मंगळवार, ता. १८ एप्रिल

सरदार अजून आला नाही. न आलेलंच बरं, म्हणजे सोपान सापडला असेल आणि हा त्याला घेऊन येत असेल. पोराच्या पायाला वगैरे लागलं असेल तर वेळ लागणारच. घरात बसवेना म्हणून काठावर गेलो. एकवीस दिवस कष्ट करून चारा टाकलाय, तो वाया का घालवा? गळ टाकला. मासा आला नाही.

बुधवार, ता. १९ एप्रिल

आज सरदार आला.

लांबून, धरणाच्या भिंतीवरून चालत येताना दिसला. एकटाच. सावकाश येत होता. त्याची चाल मी पन्नास वर्षं ओळखतो, तो सावकाश चालत नाही. मी पिसाकडं बघत राहिलो. तो शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, “मास्तर.”

मी ओठावर बोट ठेवलं.

तो थोडा वेळ उभा राहिला, मग खाली बसला. सदऱ्याच्या खिशात रुमालाची गाठ होती, तिच्यावर त्याचा हात होता. तंबाखू असेल. पीस मुळीच हललं नाही. मगरिबची वेळ झाली तसा तो उठला, पाण्याशी जाऊन हातपाय धुतले, बाजूला नमाज पढला. रोजच्यापेक्षा फार वेळ वाकलेला होता. मग माझ्याकडं एकदा बघून गेला. तो भिंतीपलीकडं गेल्यावर मी गळ काढला.

घरी सोपानच्या आईनं विचारलं, “सरदारभाऊ आलं का?”

म्हटलं, “नाही अजून.” का म्हटलं, कोण जाणे. उगाच अर्धवट काही सांगण्यापेक्षा नीट कळू दे.

शुक्रवार, ता. २१ एप्रिल

दोन दिवस पहाटेच काठावर येतो. शास्त्रोक्त कारण आहे. उन्हाळ्यात पाणी तापतं, मासा पहाटे आणि सांजेला खातो, म्हणून मधली वेळही तिथंच काढलेली बरी. भाकरी फडक्यात बांधून नेतो.

सरदार काल आला, आजही आला. दोन्ही दिवस काही बोलला नाही. नियम पाळतो. बिचाऱ्याला मासेमारी शिकायची असावी. निवृत्तीला त्याचीही दोनच वर्षं राहिली.

पण सरदार तंबाखू खात नाही. हे आज लक्षात आलं. मग रुमालात काय असेल? विचारता आलं असतं, पण गळ पाण्यात होता.

सोमवार, ता. २४ एप्रिल

आज घात होता होता राहिला. साडेपाचला पीस एकदम बुडालं. ओढलं तर वीतभर मळ्या निघाला, क्षुद्र मासा. तो सोडवत होतो, गळ हातात, म्हणजे पाण्याबाहेर. सरदार लगेच पुढं सरकला. “मास्तर, ऐका...” एवढंच म्हणाला. मी मळ्या सोडवायच्या ऐवजी मळ्यासकट गळ पाण्यात फेकून दिला. चाक कुरकुरलं. सरदार माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग डोळे मिटून बसला.

आमिष म्हणून जिवंत मळ्या. कटल्याला! पहिलीतलं पोरही हसेल. मला आज शून्य गुण.

दमा वाढला आहे. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात गोदी, गोदी असं वाजतं. सोपान बरा असता तर एक कार्ड टाकलं असतं, हा विचार मनात येतो. मग वाटतं, टपालाचा सगळा गोंधळ झाला असेल मुंबईत. तसंच असेल.

बुधवार, ता. २६ एप्रिल

सोपानची आई दोन दिवस काही विचारत नाही. आधी रोज दारात उभी असायची. आता मी आलो की पाण्याचा तांब्या देते आणि माझ्या हाताकडं बघते, तोंडाकडं नाही. आज कणीक मागितली तर नेहमीपेक्षा दुप्पट दिली. “घ्या,” म्हणाली, “मोठा मासा हाय न्हवं.”

अंबूबाई आमच्या दारावरून जाताना पदर डोळ्यांना लावते. तिचं स्वतःचं दुःख ताजं आहे.

शनिवार, ता. २९ एप्रिल

सरदार शेडमध्ये जात नाही म्हणे. आता तोही सकाळपासून येऊन बसतो. दोघांत एक भाकरी खातो, तीही न बोलता, काठी गुडघ्यात धरून. आज त्यानं माझ्यासाठी दम्याचा काढा बाटलीत भरून आणला होता. त्याच्या घरच्या मेहमुदाबाईंनी केलेला. बाटली ठेवली आणि तोंड फिरवून बसला. त्याचे खांदे हलत होते. मी पिसाकडं बघत राहिलो. पन्नास वर्षांचा दोस्त शेजारी बसून रडतो आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवू शकत नाही. हात ठेवला असता तर तो बोलला असता.

सोमवार, ता. १ मे

आज गळाला आमिष लावलं नाही. का, ते लिहीत नाही.

नुसता गळ पाण्यात. पीस दिवसभर तसंच उभं राहिलं. फार शांत दिवस गेला. कुणी काही बोललं नाही, कुणी काही ऐकलं नाही. असं वर्षभर चालेल, असं वाटलं. जून लागला की पाणी चढेल, तेव्हा जांभळीच्या वरच्या दगडावर बसता येईल.

सरदारनं गळ बघितला. मी काढताना तो अजून तिथंच होता, आज लवकर गेलाच नाही. रिकामा, चकचकीत गळ. त्याला काय कळायचं ते कळलं असावं. त्यानं नुसती मान हलवली आणि माझी पिशवी उचलून दारापर्यंत आला. मला वाटलं आता दारात बोलेल. पण आतून बांगड्या वाजल्या, तसा पिशवी ठेवून परत फिरला.

सोपानच्या आईनं पिशवी उघडली. सकाळची कणीक तशीच होती, वाळून कडक झालेली. तिनं ती हातात घेऊन बघितली.

गुरुवार, ता. ४ मे

आज सोपानची आई माझ्याबरोबर काठावर आली. मी नको म्हटलं, ऊन आहे म्हटलं. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि चालू लागली. बत्तीस वर्षांच्या संसारात ती या काठावर कधी आली नव्हती.

सरदार आधीच बसला होता. तिला बघून उठून उभा राहिला. तिनं काठी उचलली, गळ चिमटीत धरला. सोपाननं आणलेल्या सहा गळांतला तो पाचवा. कमरेची गाठ सोडून कणकेचा गोळा काढला. मऊ मळलेला, गूळ घातलेला. सोपान लहानपणी असाच गोळा मळायचा आणि निम्मा खाऊन टाकायचा. तिनं गोळा गळावर दाबून बसवला आणि काठी माझ्या हातात दिली.

“टाका,” म्हणाली.

मी टाकला. तिघंजण एका रांगेत बसलो, कोणी बोललं नाही. तिला नियम पाठ होता.

दोन तास गेले असतील. मग पीस थरथरलं. एकदा. मग नाही. मग पुन्हा, आणि हळूच आडवं झालं, जणू दमून निजलं. एवढे दिवस ज्याची वाट बघितली ते हेच. कटला असाच घेतो. मी देवाशपथ लिहितो, मला वाटलं ओढू नये. चोखून टाकून जाऊ दे त्याला. मी काठी उचललीच नाही.

सोपानच्या आईनं माझ्या हातावर हात ठेवला आणि काठी वर ओढली.

पुढचा पाऊण तास कसा गेला ते नीट सांगता येत नाही. चाक किंचाळत होतं, दोरा बोटांत कापत होता, मला धाप लागली तेव्हा सरदारनं मागून कमरेला धरलं. तो तळाला जाऊन बसायचा, आम्ही थांबायचो. तो सुटायचा, आम्ही दोरा द्यायचो. अखेर उथळ पाण्यात आला आणि कुशीवर कलंडला. सरदार झेला, म्हणजे काठीला बांधलेली जाळी, घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. दहा-अकरा शेरांचा सहज असेल. इतका सुंदर, की डोळ्यांत पाणी आलं. सरदारनं त्याच्या तोंडातून गळ काढला आणि काठावरच्या दगडावर ठेवला.

मी माशाला पाण्यातच दोन्ही हातांनी धरून उभा होतो. वर घ्यायला जमेना. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

मागून सोपानच्या आईचा आवाज आला. अगदी रोजचा आवाज, मीठ मागावं तसा.

“सरदारभाऊ, गळ भाईर हाय. आता बोला.”

सरदारनं खिशातला रुमाल काढला. पंधरा दिवसांची गाठ, त्याला सुटेना. दातांनी सोडवली. आत पितळी बिल्ला होता, एका बाजूनं वितळून वाकलेला. इंग्रजी आकडे दिसत होते. चार, एक आणि साताची वरची रेघ.

“दवाखान्याच्या आवारात एक पेटी ठिवलीती, वैनी,” तो म्हणाला. “ज्यांचं कायबी वळकू येत न्हवतं, त्यांचं बिल्लं, किल्ल्या, असलं ठिवलं हुतं. त्यात गावला. महिपतीला पन भेटलो. त्यो म्हनाला, सोपान्या त्या जहाजापाशीच हुता. आग इझवायला पानी मारत हुते त्यांना नळी धरू लागला हुता. चार वाजता.” मग माझ्याकडं वळला. “पंधरा दिस हे छातीवर घिऊन फिरतोय, मास्तर. तुमी ऐकून घीना, अन् तुमच्या आदी वैनीला कसं सांगू?”

हे मी सगळं ऐकलं. कोपरापर्यंत हात पाण्यात होते आणि मासा त्यांत श्वास घेत होता.

सोपानची आई खाली पाण्यात आली. लुगडं भिजलं. तिनं बिल्ला मुठीत घेतला, छातीशी धरला. रडली नाही. नंतर रडली, घरी, फार रडली. तेव्हा नाही. मला म्हणाली, “सोडा त्याला. आता घरात चूल पेटायची न्हाई.”

मी हात उघडले. मासा लगेच गेला नाही. थोडा वेळ माझ्या पायाशीच थांबला, मग खोल पाण्याकडं वळला.

आजपासून सुतक.

बुधवार, ता. १७ मे

काल तेरावा झाला. दहाव्याला पिंडासाठी नदीवर गेलो तेव्हा सरदार घाटाच्या वरच्या पायरीवर उभा होता. तेरा दिवस आमचं जेवण अंबूबाई आणि मेहमुदाबाई यांनी पाठवलं. कुणी कुणाच्या घरचं खावं याचा विचार करण्याइतकं त्राण आम्हा दोघांत नव्हतं.

आज सकाळी सोपानच्या आईला विचारलं. दोन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं. “शिमग्याला तो काठावर कशाला आला होता? काय बोलायचं होतं त्याला?”

ती बराच वेळ बाजरी निवडत राहिली. मग म्हणाली, “त्याला तितं करमत न्हवतं. भ्या वाटतं म्हनायचा. दारूगोळ्याचा माल येतो, ठिनगी पडली तर सगळं जाईल म्हनायचा. मला म्हनला, ‘आबांनी एवढी पत्रं लिहून नोकरी लावली, आता सोडून आलो तर रागं भरतील. आबांना इचारतो, घरी येऊ का म्हनून.’ तुमच्याकडं आला. परत आला तवा मी इचारलं, काय म्हनलं आबा? त्यो म्हनला, ‘न्हाई बोललो. फुडल्या खेपंला.’”

“मग तू मला का नाही सांगितलंस?”

“सांगनार हुते,” ती म्हणाली. “तुमी आल्या आल्या मी मुद्दाम इचारलं, इषय निघंल म्हनून. तुमी म्हनला, गळ पान्यात हुता. मला वाटलं, बापल्योकाचं हाय, त्येचं त्यो बोलंल.”

ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. एकतीस वर्षांत मी किती पोरांना गप्प बसवलं, ते मोजत बसलो. त्यातल्या कुणाला काय सांगायचं होतं, ते आता कळायचं नाही. बाकीच्यांचं असो. माझ्या पोराला फक्त तीन शब्द बोलायचे होते, आणि मला उत्तर द्यायला एक पुरला असता. दीड तास तो शेजारी होता. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

मी त्याला दहापैकी दहा गुण दिले होते. मागं जाऊन पानावर बघितलं. तसंच लिहिलं आहे. खोडणार नाही. राहू दे.

दुपारी तलावावर गेलो. काठी नेली नाही. जांभळीखाली त्याच जागी बसलो. सरदार आला, थोडा लांब बसला. नेहमीसारखं पाणी शांत होतं, मध्ये एकदा काहीतरी मोठं वर येऊन गेलं. माझी सवय अशी, की हात आपोआप ओठाकडं गेला.

मग हात खाली घेतला. उठून उभा राहिलो आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तेवढ्या आवाजात म्हणालो, “ये. घरी ये, सोपान. मी रागावणार नाही. ये.”

काठावरचे बगळे उडाले. मासे पळाले असतील तर पळोत. दम लागेपर्यंत हाक मारत राहिलो, आणि सरदारनं मला गप्प बसवलं नाही.